होडीचा शेवट, घाटाची सुरुवात

सिंधुदुर्गाच्या पर्यटनाची कुठलीही जाहिरात घ्या, तिच्यात दोन चित्रे ठरलेली असतात. एक, खाडीच्या संथ पाण्यात माडांच्या सावलीतून चाललेली होडी. दुसरे, सह्याद्रीच्या कड्यावरून कोसळणारा धबधबा. ही चित्रे शेजारी शेजारी पाहिली की बेत आपसूक सुचतो: चार मित्रांनी सकाळी होडीत बसावे, दुपारी धबधब्यात डुंबून डबे सोडावेत आणि दिवस मावळायच्या आत परतावे. नकाशावर हा बेत सोपा दिसतो, पण आंबोली, सावडाव, मांगेली हे धबधबे ऐन भरात असतात तेव्हा मालवणच्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूकही बंद असते. होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, तोवर डोंगरातले पाणी ओसरायला लागलेले असते. शिवाय होडी खाडीतून जिथवर जाते तिथून धबधबा दिसतही नाही. मधे मैलोगणती जमीन उरते. इतिहास शोधणाऱ्याने नेमके या उरलेल्या जमिनीकडे पाहावे असे मला वाटते. जिथे होडी थांबे आणि घाटाकडे जाणारी बैलवाट सुरू होई, त्या ठिकाणांनी या जिल्ह्याचा बाजार, सत्ता आणि लोकांची ये-जा घडवली. आज आपण मौजेसाठी जी नौकासफर करतो ती त्याच जुन्या वाटेचा उरलेला खालचा तुकडा आहे, आणि धबधबा पाहायला ज्या रस्त्याने जातो तो तिचा वरचा तुकडा. मधला तुकडा विसरल्यामुळे ही दोन टोके दोन वेगळ्या सहली वाटू लागली आहेत.

ही वाट कशी घडली हे समजायला आधी पाण्याचे गणित पाहावे लागते. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र इथे सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इतके पाणी इतक्या थोड्या अंतरात समुद्राला मिळायचे, म्हणजे नद्या आखूड, उताराच्या आणि दांडग्या. पावसाळ्यात त्या होडीला जुमानत नाहीत. उन्हाळ्यात वरच्या भागात गुडघाभर पाणीही राहत नाही. मग या नद्यांतून होड्या चालत कशा? त्या नदीच्या पाण्यावर चालत नसत, समुद्राच्या भरतीवर चालत. दिवसातून दोनदा समुद्र खाडीत शिरतो, उधाणाच्या दिवशी दोन-अडीच मीटर चढतो आणि लादलेली होडी आत ढकलत नेतो. सहा तासांनी सुकती लागली की तेच पाणी तिला परत आणते. वाघोटण, देवगड, आचरा, गड, कर्ली, तेरेखोल या सगळ्या खाड्यांत तांडेलाचे घड्याळ हेच होते. निघायची वेळ प्रवाशाच्या सोयीने ठरत नसे, चंद्राच्या तिथीने ठरे. आणि जिथे भरतीचा जोर संपे तिथे होडीही संपे. त्यापुढे खडक, चढण आणि घाट. माल उतरवायचा, मोजायचा, जकात भरायची आणि बैलांच्या पाठीवर चढवायचा. अशा जागी गाव बसणार, बाजार भरणार आणि कोणीतरी सत्ताधीश तिथे आपला माणूस ठेवणार, हे उघड आहे. वाघोटणच्या खाडीत आत शिरल्यावर लागणारे खारेपाटण आणि तेरेखोलच्या खाडीत आत असलेले बांदा ही या जातीच्या गावांची दोन ठळक उदाहरणे.

खारेपाटणचा पुरावा हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि तो ताम्रपटावर कोरलेला आहे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने शके 930 म्हणजे इसवी सन 1008 मध्ये दिलेले दान त्या पत्र्यांवर नोंदवले आहे. एका शिवमंदिराच्या पूजेअर्चेसाठी आणि तिथल्या तपस्व्यांच्या निर्वाहासाठी राजाने गावे दिली, आणि गावांबरोबर जहाजांवरचे उत्पन्नही दिले: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याणक, आणि कंदलमूलीय नावाच्या ठिकाणाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक धरण. चेमुल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातले चांदोर, इथून येणाऱ्यांना त्यात सूट होती. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. देवळाचा दिवा शेताच्या धाऱ्यावर तेवावा ही सर्वसाधारण रीत. इथे त्याला गलबतांच्या जकातीचाही आधार होता. परदेशी जहाजाचा दर वेगळा, ओळखीच्या बंदराचा वेगळा, आणि दोन बंदरांना माफी, असा तक्ता ज्या कारभारात होता तिथे वाहतूक नैमित्तिक नसणार. ती रोजची असणार, आणि तिची मोजदाद करणारी माणसे नेमलेली असणार. या राजघराण्याची बलिपत्तन ही राजधानी म्हणजेच आजचे खारेपाटण असे अनेक अभ्यासक मानतात. ते मान्य केले तर एक गोष्ट लक्षात येते: समुद्रावर जगणाऱ्या राजाने आपले ठाणे समुद्रकाठी ठेवलेले नव्हते. ते खाडीच्या आत, भरतीच्या शेवटाजवळ आणि घाटाच्या जवळ ठेवले होते. (हा ताम्रपट पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध केला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. ते स्वतः देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे याच मुलखातले. मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राचा संपादक म्हणून त्यांना आपण ओळखतो, पण या कामासाठीही त्यांची आठवण ठेवायला हवी.)

यावर पहिला आक्षेप येईल तो किल्ल्यांचा. सिंधुदुर्ग जिल्ह्याला नावच मुळी जलदुर्गाचे आहे. 1664 च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला, 1667 मध्ये तो पुरा झाला, आणि तेव्हापासून या मुलखाची ओळख आरमाराशी जोडली गेली. मग इतिहास समुद्रकाठी शोधायचा की खाडीच्या आत? या आक्षेपात वजन आहे, आणि सिंधुदुर्गाचे महत्त्व कमी करण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण किल्ले कुठे कुठे आहेत हे नीट पाहिले तर तेच माझ्या बाजूने बोलतात. गड नदीचेच उदाहरण घ्या. मालवणच्या उत्तरेला किनाऱ्यावर सर्जेकोट, तिथून कालावलच्या खाडीने आत गेले की मसुऱ्याचा भरतगड, त्याच्या समोर पलीकडच्या तीरावर भगवंतगड, आणि आणखी वर नदीकाठी रामगड. भरतगड वाडीच्या सावंतांचा, तर समोरचा भगवंतगड बावड्याच्या पंत अमात्यांचा. दोन प्रतिस्पर्धी घराण्यांनी एका खाडीच्या दोन काठांवर एकमेकांकडे तोंड करून किल्ले बांधले, ते काही समुद्राच्या देखाव्यासाठी नव्हे. खाली वाहणाऱ्या पाण्यातून कोणाची होडी जाते आणि जकात कोण घेतो, हा तो झगडा होता. तेरेखोलच्या मुखाशी सावंतांनी बांधलेला किल्ला 1746 मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, तेव्हाही एका खाडीच्या तोंडाची किल्लीच हस्तांतरित झाली. विजयदुर्ग तर वाघोटणच्या खाडीचा दरवाजाच आहे. त्याच्यामागे खाडीत आत, गिर्ये गावाच्या हद्दीत खडक फोडून केलेली आरमाराची गोदी आजही दिसते. किल्ला उघड्या समुद्राकडे पाहतो खरा, पण गलबते बांधायला, दुरुस्त करायला आणि पावसाळ्यात सुरक्षित ठेवायला खाडीच लागते. गलबतांच्या सागवानासाठीसुद्धा पाठीशी डोंगर लागतो. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या आश्रयाला असताना जाळले, त्यानंतर मराठ्यांचा दर्यावरचा दरारा पुन्हा तसा उभा राहिला नाही. खाडी सुरक्षित असेपर्यंत आरमार होते, हा त्याचा सरळ अर्थ. किल्ले हे या वाटांचे पहारेकरी होते. पहारेकऱ्याचा इतिहास सांगायचा आणि तो ज्याची राखण करत होता त्या मालाचा सांगायचा नाही, ही आपल्या इतिहासलेखनातली उणीव आहे.

दुसरे उदाहरण वेंगुर्ल्याचे, आणि त्यात धबधबा थेट येतो. 1637 मध्ये डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करणाऱ्या डच आरमाराला रसद मिळावी, हा तिचा एक मोठा उपयोग होता. ही कोंडीसुद्धा मोसमी होती: पावसाळा आला की वेढा उठे, पाऊस सरला की जहाजे परत गोव्यासमोर येऊन उभी राहत. युरोपातली दोन बलाढ्य राष्ट्रे इथे लढत होती, पण वेळापत्रक मात्र मालवणच्या नाखव्याचेच पाळत होती. पुढे 1812 मध्ये मालवण आणि वेंगुर्ले दोन्ही इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि बेळगावच्या छावणीला माल पुरवणारे बंदर म्हणून वेंगुर्ले वाढले. बेळगाव-धारवाडकडचा कापूस खाली येई, विलायती माल वर जाई. आधी ही वाहतूक रामघाटातून चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीवरून आंबोलीचा गाडीरस्ता झाला आणि सावंतवाडीमार्गे ती तिकडे वळली. आज कुटुंबेच्या कुटुंबे जिथे गाडी उभी करून धबधब्याखाली भिजतात, तो हाच रस्ता. आंबोली हे त्या वाटेवरचे मुक्कामाचे ठाणे होते. थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची घडण त्यानंतरची. कोसळणारे पाणी तिथे युगानुयुगे असेल, पण ते पाहायला माणसे जाऊ लागली ती बंदराने ओढलेल्या रस्त्यामुळे. धबधब्याला 'निसर्गरम्य स्थळ' ही पदवी मिळाली त्यामागे वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उतरलेल्या गाठोड्यांचे श्रेय मोठे आहे. आंबोलीच्या माथ्यावरून पाण्याच्या दोन वाटा होतात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हिरण्यकेशी पूर्वेला जाऊन घटप्रभेला आणि कृष्णेला मिळते. पश्चिमेच्या उतारावरचे पाणी दाणोलीकडून बांद्याला येऊन तेरेखोलच्या खाडीत उतरते. बांद्याला आदिलशाहीत आदिलाबाद म्हणत. बादशहाच्या घराण्याचे नाव मिरवणारे हे गाव किनाऱ्यावर नाही. वरून घाटाचे पाणी आणि खालून समुद्राची भरती जिथे जवळ येतात तिथे आहे.

वेंगुर्ल्याचा हा बहर ओसरला त्याचे कारणही वाटेतच सापडते. 1886 ते 1888 या काळात मुरगाव बंदर रेल्वेने कॅसलरॉकमार्गे घाटावरच्या मुलखाशी जोडले गेले आणि देशावरच्या मालाला दुसरा, स्वस्त उतार मिळाला. वेंगुर्ल्याचा समुद्र उथळ झाला नव्हता, खलाशी आळशी झाले नव्हते. बंदराच्या पाठीची वाट दुसरीकडे गेली, एवढेच झाले. किनाऱ्याचे भवितव्य त्याच्या पाठीमागच्या घाटावर ठरते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारी घटना या भागात दुसरी नाही.

माल गेला तरी माणसे बोटीनेच जात राहिली. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेलेला मालवणी माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावी येई तो बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या, पुढच्या काळात चौगुल्यांच्या आगबोटीने. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी ती बंदरे घेत पणजीकडे जाई. मालवणच्या खडकाळ समुद्रात आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणले जाई. तिथून पुढे गावोगाव जायला पुन्हा खाडीतली होडी किंवा तर. म्हणजे मुंबईहून निघालेला माणूस घरच्या अंगणात पोचेपर्यंत तीन जातींच्या नावांत बसलेला असे. या प्रवासात जोखीमही होती: 11 नोव्हेंबर 1927 रोजी वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी बुडाल्या, आणि 17 जुलै 1947 रोजी, भर पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ती घटना रायगडच्या समुद्रातली, पण तिचा धाक सगळ्या कोकणाने पुढे कित्येक वर्षे बाळगला.

मग पूल आले. मुंबई-गोवा महामार्ग झाला. तो सिंधुदुर्गात शिरतो खारेपाटणला आणि गोव्यात उतरतो बांद्याहून. रस्ता बांधणाऱ्याला खाडी जिथे अरुंद होते तीच जागा सोयीची, आणि होडी थांबायची ती जागाही तीच. त्यामुळे भरतीच्या शेवटावरची ही दोन जुनी बंदरे रस्त्यावरची गावे बनली. त्यांनी पाण्याकडे पाठ केली आणि डांबराकडे तोंड केले. किनाऱ्याच्या बाजूने रेवस-रेडी सागरी मार्गाची कल्पना 1980 च्या सुमारास पुढे आली आणि खाड्यांवर एकेक पूल उभा राहू लागला. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. एकेका पुलाबरोबर एकेका तरीचे काम संपले. होडी होती, वल्ही होती, पाण्याखालची वाळू आणि खडक पाठ असलेला माणूस होता; पलीकडे जायला मात्र कोणी उरले नव्हते. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला तो अशा वेळी. कर्लीच्या मुखाशी देवबाग, कोरजाई आणि भोगवे यांच्यामधल्या पाण्यात आज पर्यटकांच्या होड्या फिरतात. त्या पाण्यात याआधी पलीकडच्या तीरावर कामाला, बाजाराला, सोयरिकीला जाणारी माणसे बसत. फरक एवढाच झाला की जुनी होडी माणसाला एका काठावरून दुसऱ्या काठावर पोचवी. आजची त्याला फिरवून त्याच काठावर परत आणते.

अगदी असाच बदल जगातल्या सर्वांत प्रसिद्ध धबधब्यापाशीही झाला आहे. नायगाऱ्याच्या पायथ्याशी जाणारी 'मेड ऑफ द मिस्ट' ही नौका 1846 मध्ये सुरू झाली ती नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, म्हणजे अमेरिकेतून कॅनडात, माणसे नेणारी तर म्हणून. दोनच वर्षांनी, 1848 मध्ये, तिथे झुलता पूल झाला. तरीचा धंदा बसला, आणि मालकांनी तीच नौका पलीकडे नेण्याऐवजी धबधब्याच्या तुषारांत न्यायला सुरुवात केली. आज लाखो लोक होडीने धबधबा पाहण्याची कल्पना करतात ती बहुधा याच नौकेच्या चित्रावरून. पुलाने बेकार केलेली तर सहलीची नौका होते, हा नियम कॅनडात आणि कर्लीत सारखाच लागू पडला. नायगाऱ्याला नदी वर्षभर वाहते आणि धबधबा नावेच्या टप्प्यात आहे, म्हणून तिथे दोन्ही एका सहलीत बसले. आपल्याकडे पावसाने आणि चढणीने ते वेगळे ठेवले.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की तर आणि पडाव ही कामाची साधने होती. मित्रमंडळींनी मौजेसाठी होडीत बसणे ही शहरातून आलेली टूम आहे, तिला जुन्या रीतीचे नाव देणे हा ओढूनताणून लावलेला संबंध आहे. पण काम आणि मौज यांच्यात आज आपण जेवढे अंतर पाडतो तेवढे इथल्या लोकजीवनात नव्हते. कांदळगावचा रामेश्वर ठरावीक वर्षांनी लवाजम्यासह मालवणला येतो आणि होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन शिवराजेश्वराची भेट घेतो. देवाबरोबर गाव निघते, वाद्ये असतात, होड्या सजलेल्या असतात. याला धार्मिक विधी म्हणा, पण त्यात सोबत आहे, पाण्यावरचा प्रवास आहे आणि दिवसभराचा आनंदही आहे. कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला किंवा मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीला जाणे, हेही नुसते दर्शन कधीच नव्हते. आणि आचऱ्याची गावपळण तर याहून बोलकी: काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खे गाव तीन दिवस तीन रात्री घरेदारे सोडून, गुराढोरांसह वेशीबाहेर पडते, नदीकाठी किंवा माळावर राहुट्या घालून राहते, एकत्र रांधते आणि रात्री गाणी-भजनांत काढते. रोजच्या जागेतून उठून, सोबत्यांबरोबर, पाण्याच्या कडेला जाऊन जेवण्याची रीत या मुलखाला शहराने शिकवलेली नाही. बदलले आहे ते निमित्त. पूर्वी देव किंवा बाजार नेत असे, आता सुट्टी नेते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण तो त्या होडीवर खरोखर अवलंबून असलेल्यांच्या बाजूने येतो. पलीकडच्या तीरावर दवाखाना असताना रात्री तर न मिळाल्यामुळे अडलेल्या बायका, पावसाळ्यात चार महिने शाळेला मुकलेली मुले, उधाणात उलटलेल्या होड्या, हे सगळे ज्यांनी सोसले त्यांनी पुलाची वाट पिढ्यानपिढ्या पाहिली. त्यांच्यापुढे होडीचे गोडवे गाणे हा अन्याय आहे. हे मला पूर्णपणे मान्य आहे. पूल व्हायलाच हवे होते, आणि जिथे नाहीत तिथे व्हावेत. मात्र पुलाने तरीची गरज संपवली म्हणून तरीने साठवलेले ज्ञानही टाकून द्यावे असे ठरत नाही. कुठल्या तिथीला किती पाणी चढते, कुठली वाळू यंदा सरकली, वारा कुठून फिरला की परतायचे, होडीत किती माणसे घ्यायची आणि कधी मुळीच निघायचे नाही, हे ज्ञान त्या जुन्या वाहतुकीचा गाभा होते. मे 2022 मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला. मे अखेरचा समुद्र फिरायला लागतो, हे किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. गर्दीच्या हंगामाला मात्र सुट्टीचे वेळापत्रक कळते, समुद्राचे नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच होडी लोटायची आणि मिरगाच्या आधी ती वर ओढून शाकारायची, या रिवाजाला श्रद्धेचे रूप असले तरी आत रोकडा अनुभव होता.

या दृष्टीने पाहिले तर सुरुवातीला अशक्य म्हटलेला बेतही पुन्हा तपासता येतो. होडी आणि धबधबा वर्षातले काही आठवडे एकमेकांना भेटतात: नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळतो तेव्हापासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत. याच दिवसांत डोंगरातले ओहोळ अजून वाहते असतात आणि खाडीतले गढूळ पाणी बसलेले असते. जुन्या व्यापाराचा हंगामही तेव्हाच उघडे, कारण घाटाची वाट सुकू लागे आणि गलबते पाण्यात उतरत. वैभववाडी तालुक्यातला नापण्याचा धबधबा तर बारमाही आहे, त्याला पावसाची अटही नाही. विजयदुर्गाहून भरतीबरोबर वाघोटणच्या खाडीत शिरायचे, गिर्येची गोदी पाहायची, फोंडा घाटाने उतरलेला माल जिथे गलबतात चढे त्या वाघोटणच्या बंदराशी थांबायचे, आणि पुढे पाणी नेईल तिथवर जाऊन खारेपाटण गाठायचे. तिथून तळेऱ्यामार्गे रस्त्याने नापणे. पाणी नेईल तिथवर असे म्हणावे लागते, कारण खाडी गाळाने भरत आली आहे. घाटउतारावरचे रान तुटले की माती पहिल्या पावसाबरोबर खाली येते आणि भरतीच्या शेवटाशी, जिथे नदीचा वेग मरतो तिथेच, बसते. रट्टराजाच्या काळी परदेशी जहाजांच्या जकातीवर जिथे देवळाचा दिवा तेवला, त्या गावाला आज अतिवृष्टीत बाजारपेठेत शिरणाऱ्या पुराची काळजी असते. गाळ उपसण्याची मागणी तिथे होते ती पुरासाठी, आणि ते योग्यच आहे. पण तो उपसला तर होडीलाही पुन्हा वाट मिळेल, आणि खाडीच्या काठाने असलेल्या या बंदरांवर, त्यांच्या उद्ध्वस्त धक्क्यांवर आणि जकातीच्या जागांवर माहितीचा एकेक फलक लावायला जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात फारसा खर्चही येणार नाही. भाड्याने होडी घेतलेल्या चार मित्रांना आपण कुठल्या वाटेने चाललो आहोत हे त्यावरून कळेल, आणि सुकाणूवर बसलेल्या माणसाला आपल्या आजोबांचा धंदा पाहुण्यांना सांगताना पुरावा म्हणून बोट दाखवायला जागा मिळेल.